किल्ल्यातलं भुयार आणि वैरागचे पाहुणे

सोलापुरात त्या काळी दोन गोष्टींचा शेवट कोणी पाहिलेला नव्हता. एक किल्ल्यातलं भुयार, दुसरं माझं बोलणं. भवानी पेठेत आमच्या घरी चार हातमाग होते. चारही मागांच्या खटखटाटावर आवाज चढवून मी काही सांगू लागलो की शेजारच्या घरातले विणकर धोटा हातात धरून थांबत, असं मी तरी म्हणतो. वडील म्हणत, ह्याच्या जिभेला ताणा जोडला तर रोज दोन लुगडी जास्त निघतील.

भुयाराबद्दल गावात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कोणाला काही ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे ते नळदुर्गाला निघतं, कोणी म्हणे विजापूरला. एका पिंजाऱ्यानं ते थेट दिल्लीपर्यंत नेलं होतं, पण तो माझ्याच पंथातला माणूस. तटाच्या आतल्या अंगाला पायऱ्या उतरून गेलं की वाकून शिरावं लागेल एवढं तोंड होतं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत एक म्हातारा मशालजी पंधरा-वीस लोकांना एकदम पहिल्या वळणापर्यंत नेऊन आणी. तिथं तो मशाल खाली धरी, लोक एकमेकांचे हात धरत आणि मुकाट परत फिरत. वळणाच्या पुढं जायचं तर म्हाताऱ्याला वेगळं सांगावं लागे, आणि तो सहसा कबूल होत नसे.

मी त्या वळणापर्यंतसुद्धा कधी गेलो नव्हतो. मला अंधाराचं भय. हे आज लिहितो आहे. तेव्हा कोणी तोंडावर म्हटलं असतं तर त्याला मी धोटा फेकून मारला असता.

वैरागला आमच्याच जातीतले एक कापडवाले होते. त्यांची मुलगी बघायला आम्ही गेलो. पोहे झाले, प्रश्न झाले, मुलगी आत गेली, आणि बैठकीत कोणालाच काही सुचेना. अशी शांतता मला सोसत नाही. मी भुयार काढलं. सांगितलं की मी पहाटे किल्ल्यात उतरलो, चौदा कोस जमिनीखालून चाललो, दुपारची भाकरी नळदुर्गाच्या बुरुजावर बसून खाल्ली आणि दिवेलागणीला पुन्हा सोलापुरात मागावर हजर. वाटेत एका कोनाड्यात चिलखतासकट बसलेला घोडेस्वार दिसला, घोड्यासकट. त्याला मी रामराम केला. त्यानं केला का, असं कोणीतरी विचारलं. मी म्हटलं, केला, पण उशिरा केला, तोवर मी पुढं गेलो होतो.

तेव्हा दाराआडून कोणीतरी हसलं. आवरता आवरता हसलं, आणि मग बांगड्या वाजल्या. त्या हसण्यानंतर मला दुसरी कुठलीही मुलगी बघायची नव्हती, एवढं खरं समजा.

मुलीचे वडील हसले नाहीत. सुपारी कातरत ते म्हणाले, "पाव्हणं, ती वाट मलाबी दावा की. तुमचं बोलनं खरं निघालं तर लग्नाची तीथ काढू. न्हाय निघालं तर न्हाय."

वडिलांनी माझ्याकडं असं पाहिलं की चिलखतातला घोडेस्वार परवडला.

त्या म्हाताऱ्या मशालजीचं घर खंदकाच्या पलीकडं होतं. त्याला सगळे चाचा म्हणत. त्याच्या घराण्यात भुयाराची वाट बापाकडून मुलाकडं आली होती, पण चाचाला मुलगा नव्हता, त्यामुळं वाट आता एकट्या त्याच्याच डोक्यात होती. त्याला विचारायची रीतही ठरलेली. तोंडानं काही बोलायचं नाही. उंबऱ्यावर एक सुपारी ठेवायची आणि निघून यायचं. तीन दिवस चाचा रोज सकाळी एकटा आत जाई आणि साखळीला टांगलेला पितळी दिवा जमिनीलगत धरून बघे. ज्योत उभी राहिली तर हवा बरी. ज्योत बसली तर हवा वाईट, आणि मग सुपारी उंबऱ्यावर तशीच राही. माझी सुपारी पहिल्या दिवशी तशीच होती. दुसऱ्या दिवशी तशीच. मी मनात म्हटलं, सुटलो, हवेनं माझी लाज राखली. तिसऱ्या दिवशी सुपारी नव्हती.

चाचानं मला समोर बसवलं. कोण येणार ते विचारलं. मी सांगितलं, मी आणि वैरागचे एक पाहुणे. त्यानं अटी सांगितल्या. तेल आमचं, सूत आमचं, वाट त्याची. तेल करडईचं, आणि सूत दुपदरी, मेण चोळलेलं. पहिल्या वळणानंतर वाटा फुटतात, म्हणून तो तोंडाशी धाग्याचं टोक बांधून हातातली कांडी उलगडत आत जाई आणि येताना त्याच धाग्याला धरून, तो गुंडाळत बाहेर येई. वाईट वाटांच्या तोंडाशी त्याच्या बापाच्या काळचे धागे मुद्दाम तोडून लोंबते ठेवले होते. तुटका धागा हाताला लागला की ती वाट बंद समजायची.

मग त्यानं धंदा विचारला. मी काही म्हणायच्या आतच म्हणाला, विणकर असशील तर ऊठ, विणकराला मी खाली नेत नाही.

का, ते मी विचारलं नाही. मी गिरणीत कारकून आहे असं सांगितलं, आणि तेवढ्यावर न थांबता मोठ्या साहेबाच्या खोलीत माझी खुर्ची आहे असंही सांगून टाकलं.

त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं. त्याची स्वतःची बोटं मशालींनी भाजून भाजून लाकडासारखी झालेली. तो म्हणाला, "ऊपर जितना झूठ बोलना है, बोल ले बेटा. नीचे नै. नीचे मैं पूछूंगा तो सच बोलना. उधर आवाज वापस आती. झूठ बी वापस आता."

पाहुणे आदल्या दिवशी येऊन आमच्याकडं उतरले. त्या संध्याकाळी मला सुताला दुसरा पदर देऊन पीळ घालायचा होता; चरख्यावरचं दोन तासांचं काम. पण पेठेच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात बातमी पोचली होती की मी पाहुण्याला भुयार दाखवायला नेणार आहे. मी चहाला म्हणून गेलो आणि तिथंच बसलो. परत आलो तोवर सगळे निजलेले. मी मागावरचंच एकेरी सूत घेतलं, मेण दुप्पट चोळलं आणि कांडीवर गुंडाळलं. जाड दिसत होतं. चाचानं सकाळी ते चाचपून विचारलं, दुपदरी आहे ना? मी हो म्हटलं. आम्ही अजून पायऱ्यांवरच होतो, म्हणजे वरच होतो.

सकाळची दहाची वेळ असेल. बाहेर ऊन रखरखत होतं, आणि तोंडातून आत शिरलो तसं ते कोणी कात्रीनं कापावं तसं मागं राहिलं. चाचा पुढं, त्याच्या एका हातात दिवा, दुसऱ्यात कांडी. मधे पाहुणे. शेवटी मी. मागच्यानं धागा दोन बोटांत सैल धरून चालायचं, ओढायचा नाही, सोडायचा नाही, एवढंच माझं काम. पहिलं वळण गेलं. पाहुणे एकदा डोकं आपटून "आई गं" म्हणाले. ते आई गं पुढं गेलं, कुठंतरी थांबलं, आणि बऱ्याच वेळानं दुसऱ्याच कोणाच्या तरी आवाजात परत आलं. त्यानंतर ते वाकूनच चालले.

भिंती ओल्या होत्या. डोक्यावर कुठंतरी किल्ल्यालगतचं तळं आहे हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि त्याखालून चालणं वेगळं. थेंब पडत. मी ते मोजू लागलो आणि मग मोजणं सोडून दिलं, कारण दोन थेंबांमधलं अंतर आपण चालू तसं कमी होतंय असं वाटायला लागलं. वटवाघूळ एकही नव्हतं. वटवाघळं असती तर बरं वाटलं असतं. ज्या जागी वटवाघूळही राहत नाही तिथं आपण काय म्हणून आलो, हा विचार मला तिथं आला, बाहेर असताना यायला हवा होता.

वाटा फुटल्या. मी लोकांना सात सांगतो, तीन होत्या. चाचा मधल्या वाटेनं वळला. त्या कोपऱ्यावर दगडाला धार होती आणि तिथंच माझ्या हातात धागा तुटला.

इथं विणकराची गोष्ट सांगायला हवी. मागावर दिवसाला शंभरदा धागा तुटतो. तुटला की विणकर बोलत नाही, हाक मारत नाही, माग थांबवून विचार करत नाही. बोटं जातात, दोन टोकं शोधतात, गाठ मारतात, पुढं. वडिलांनी मला सहाव्या वर्षी शिकवलेलं हे एकच शिक्षण. धागा तुटला हे माझ्या डोक्याला कळायच्या आधी माझ्या बोटांना कळलं. एक टोक हातात होतंच, आत जाणारं. दुसरं टोक भिंतीला चाचपलं, ते लगेच सापडलं, मी चिमटीत धरून गाठ मारली आणि पाहुण्यांच्या पाठोपाठ वळलो. ते दुसरं टोक जरा खरखरीत लागलं. त्यावर मेण नव्हतं. हेही बोटांना कळलं होतं, पण माझ्यात बोटं आणि डोकं ह्यांचं बोलणं फारसं होत नाही.

आतली खोली आम्ही पाहिली. बाजूला दगडी ओटे, वर घुमट, मधे कोरडं कुंड. घोडेस्वार नव्हता. पाहुण्यांनी चारी कोनाड्यांत दिवा धरायला लावला, एकेका कोनाड्याकडं नीट पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं. मी म्हणणार होतो की त्याला आता दुसरीकडं हलवला असेल, पण चाचाचं वरचं बोलणं आठवलं आणि मी खोकलो.

परत फिरलो. आता चाचा धागा गुंडाळत पुढं. एवढ्या वेळानं मला हायसं वाटलं होतं, आणि वर गेल्यावर पाहुण्यांना काय सांगायचं ते मी जुळवत होतो. म्हणून चाचा थांबला ते मला कळलंच नाही, मी पाहुण्यांच्या पाठीवर आदळलो.

चाचानं दिवा खाली धरला होता. ज्योत बसली होती. विझली नव्हती, पण मूग भिजून फुगतो तेवढीच राहिली होती आणि निळी झाली होती. त्यानं आपली बोटं दिव्याशी नेली. बोटांवर मेण नव्हतं, काळी धूळ होती.

"ये धागा मेरा नै है," तो म्हणाला.

भुयारानं ते ऐकून घेतलं आणि आतून परत सांगितलं.

त्यानं दिवा वर उचलून आमच्या तोंडांवर धरला आणि विचारलं, धाग्याला कोणी हात लावला? पाहुण्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी काही बोललो नाही. चाचा म्हणाला, कोणी लावला नसेल तर मग चूक माझीच, मी आतल्याच खोलीच्या दारात भलताच धागा धरला, तर मग पुन्हा खोलीपर्यंत मागं जाऊन दुसरी वाट धरायला हवी. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. मी गप्प. माझ्या घशाशी शब्द आले होते. पण ते बोललो असतो तर त्यांच्या मागोमाग एकेरी सूत आलं असतं, विणकर आला असता, नळदुर्गाचा बुरुज आला असता, आणि दाराआडच्या त्या बांगड्या गेल्या असत्या. आपण म्हणतो माणूस खोटं बोलून बुडतो. मी तिथं एक शब्द न बोलता बुडत होतो.

चाचा खोलीकडं जायला निघाला. दिव्यात तेवढं तेल नव्हतं हे तिघांनाही दिसत होतं. तेव्हा पाहुणे म्हणाले, "थांबा चाचा. आमचं पाव्हणं हितून नळदुर्गाला जाऊन आल्यात. त्यांना वाट ठावं हाय." आणि माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाले, "सांगा पाव्हणं. कुटनं जायचं?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्या हातानं माझा दंड आवळून धरला होता.

"मामा, मी इथं कधी आलोच नाही," मी म्हटलं. "मी विणकर आहे, चाचा. सूत एकेरी आणलं. फाट्याशी तुटलं आणि मीच बांधलं. बाजूच्या वाटेचं टोक बांधलं असणार."

परत येणाऱ्या आवाजात हे सगळं मी पुन्हा एकदा ऐकलं.

चाचा रागावला नाही. वेळच नव्हता. त्यानं गुंडाळलेली कांडी माझ्या हातात दिली आणि मला पुढं केलं. म्हणाला, तुझी गाठ तूच ओळख. आम्ही उलटे फिरलो. मी कांडीवरचा धागा बोटांतून सोडत चाललो; माझी गाठ हाताला आली की तिथंच फाटा. दिवा आणखी बारीक झाला आणि मग गेला. तो गेल्यावर अंधार डोळ्यांना लागत नव्हता, तोंडाला लागत होता, ओल्या फडक्यासारखा. पाहुण्यांनी माझ्या सदऱ्याचं टोक धरलं होतं, आणि चाचानं त्यांच्या.

गाठ लागली. मी थांबलो, नखानं उलगडायला गेलो आणि थांबलो. गाठ विणकराचीच होती, पण माझी नव्हती. माझी गाठ उजवीकडून वळते. ही डावीकडून वळलेली, सुकून दगडासारखी झालेली. कोणीतरी डावखुरा विणकर ह्या वाटेनं आत गेला होता, इथं त्याचा धागा तुटला होता, आणि त्यानं तो बांधला होता.

मी ते सांगितलं.

"उसकू मत खोल," चाचा म्हणाला. "आगे चल."

माझी गाठ तिथून पन्नासेक पावलांवर असेल. मी लोकांना अर्धा कोस सांगतो. मेण लागलं, एकेरी सूत लागलं, धार लागली. मी गाठ तोडली, भिंतीवर चाचपून आमच्याच धाग्याचं खरं टोक काढलं आणि त्याला धरून आम्ही चालत राहिलो. पुढं एका वळणावर करड्या रंगाचा ठिपका दिसला. तो ऊन होता.

पायऱ्यांवर चाचा खाली बसला आणि आपली बोटं उन्हात धरून राहिला. त्यानं सांगितलं ते फार थोडं. त्याच्या बापानं एकदा एका डावखुऱ्या विणकराला नेलं होतं आणि बाप एकटाच वर आला होता. विणकर तुटलं की बांधतो, तोडून ठेवलेलं असलं तरी बांधतो, असं बाप म्हणायचा. मग चाचानं उठून उंबऱ्यावरून उचललेली माझी सुपारी खिशातून काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि गेला. त्या दिवसापासून त्यानं कोणालाच आत नेलं नाही, गड्ड्यातसुद्धा नाही.

पाहुणे आणि मी तळ्याच्या काठी बसलो. आईनं बांधून दिलेल्या भाकरी होत्या, शेंगाची चटणी होती. त्यांनी अर्धी भाकरी मला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली. त्यांचे हात अजून काळे होते. मी वाट पाहत होतो.

मग ते म्हणाले, "तुमी कुटं गेला न्हाय, ते मला वैरागातच कळालं हुतं. घोड्याचं काढलं तवाच. माझी पोरगी हसली, मी म्हनलं, हसू दे. थापा मारनाऱ्याला पोरगी द्यायला माझी ना न्हवती."

मी काही म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"त्या म्हाताऱ्यानं पयल्यांदा इचारलं, तुमी गप. दुसऱ्यांदा इचारलं, तुमी गप. तुमाला ठावं हुतं. दिवा बसला हुता आन् तुमी गप हुता." ते भाकरीचा शेवटचा तुकडा बोटांत फिरवत राहिले. "उंद्या माझ्या पोरीचं दुखलं-खुपलं, घरावर काय बेतलं, तवा बी तुमाला ठावं आसंल, आन् तुमी गप बसाल. बोलनारा मानूस चालतो. गप बसनारा न्हाय चालत."

आयुष्यात मला बडबड्या म्हणून लोकांनी शिव्या घातल्या. गप्प बसलास म्हणणारा हा एकच माणूस.

मी त्यांना बार्शीकडच्या मोटारीपर्यंत सोडायला गेलो. मोटारीत चढताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, भुयारात ठेवला होता तसाच, पण आता ती पकड नव्हती. म्हणाले, "घरी पत्रिका जुळंना म्हनून सांगा. उगं तुमच्या आईबापाचं मन नको दुखायला." मी हो म्हटलं. मोटार धुरळ्यात दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो.

घरी आलो तेव्हा चारही माग बंद होते. सगळे माझ्याच वाटेकडं डोळे लावून बसलेले. मी सांगितलं, पत्रिका जुळेना.

आई म्हणाली, "पण आपण त्यांना पत्रिका दिलीच कुठं होती?"

वडिलांनी माझ्या काळ्या बोटांकडं पाहिलं, आणि उठून माग सुरू केला.